रस्ता-सुरक्षेचा जमाखर्च



टॅव्हर्नियर नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात सुरतेहून आग्र्यास जाताना आमच्या बुऱ्हाणपुरावरून गेला. त्याच्या प्रवासवृत्तात येथल्या तलम कापडाची वाखाणणी आहे, तशीच त्या काळच्या रस्त्यांची हकीकतही आहे. धान्य आणि मीठ वाहून नेणाऱ्या दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे तेव्हा देशभर फिरत असत. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला म्हणजे गाडीतल्या प्रवाशास दोन-दोन, तीन-तीन दिवस एका जागी थांबून राहावे लागे, असे तो लिहितो. शाळा-कचेऱ्यांच्या वेळी शनवारा वेशीपाशी पाव तास खोळंबून चरफडणाऱ्या गृहस्थास हे ऐकून थोडे समाधान वाटावयास हरकत नाही.

परंतु त्या तांड्यांच्या रहदारीत एक गुण होता. बैलाची चाल ती किती! त्या चालीने दोन जनावरे किंवा दोन गाड्या एकमेकींस भिडल्या तर भांडण होई, एखादे चाक मोडे, क्वचित कोणी जखमी होई. माणूस दगावण्याचा प्रसंग विरळाच. अठराव्या शतकात आसफजाह निजामुल्मुल्काने बुऱ्हाणपुरास तट घातला व त्यास वेशी ठेवल्या. शनवारा, इतवारा ही वारांवरून पडलेली नावे आजही आपल्या तोंडी आहेत. या वेशी बांधल्या गेल्या त्या हत्ती, मेणे आणि बैलगाड्या यांच्या हिशेबाने. पुढे वाहन बदलले, वेग बदलला. वस्ती व वाटा मात्र पुष्कळशा त्याच राहिल्या. आमच्या जुन्या शहरांच्या रस्त्यांवरील दुःखाचे मूळ बरेचसे या विसंगतीत आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची शक्ती चौपट होते, हे शास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आपण मुलांस शिकवितो. ताशी 50 किलोमीटर वेगाच्या वाहनाचा आघात ताशी 30 किलोमीटरच्या आघाताहून जवळजवळ पावणेतीन पट असतो. पायी चालणाऱ्याच्या हाडांनी मात्र टॅव्हर्नियरच्या काळापासून काडीचीही प्रगती केलेली नाही.

लंडन शहरी 1896 साली ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची एक स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. इंग्लंडमध्ये मोटारीने घेतलेला हा पहिल्या काही बळींपैकी एक. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने असला प्रकार पुन्हा कधी न घडो, अशी आशा त्या वेळी प्रकट केली होती. आपल्याकडे मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा 1914 साली झाला, दुसरा 1939 साली, आणि आज ज्याच्या आधारे व्यवहार चालतो तो 1988 चा; त्याचा अंमल 1 जुलै 1989 पासून सुरू झाला. त्याच सुमारास दर वर्षी जानेवारीत राष्ट्रीय रस्ता सुरक्षा सप्ताह पाळण्याची प्रथा रूढ झाली. 2021 साली त्या सप्ताहाचा महिना झाला. पुढे 2010 साली राष्ट्रीय रस्ता सुरक्षा धोरण मंजूर झाले, आणि 2011 ते 2020 हे दशक संयुक्त राष्ट्रांनी रस्ता सुरक्षेच्या कृतीचे दशक म्हणून जाहीर केले, त्यातही आपण सामील झालो.

आता प्रश्न असा की, या सर्व उद्योगाचे फळ काय? प्रश्न साधा दिसतो. उत्तर काढणे मात्र जिकिरीचे आहे, आणि त्याचाच आज विचार करावयाचा आहे.

सप्ताह संपला म्हणजे अहवाल तयार होतो. इतक्या प्रभातफेऱ्या निघाल्या, इतकी पत्रके वाटली, इतक्या चालकांचे डोळे तपासले, इतक्या शाळांत निबंधस्पर्धा झाल्या. माझा व्यवसाय शिक्षकाचा असल्यामुळे असल्या निबंधांचे परीक्षण माझ्या वाट्याला पुष्कळदा आले आहे. ‘अति घाई संकटात नेई’ हे वाक्य ज्यात नाही असा निबंध मला अद्याप भेटावयाचा आहे. बक्षीस मिळविणारा विद्यार्थी संध्याकाळी आपल्या दोघा मित्रांसह एकाच दुचाकीवरून घरी जाताना दिसतो, हेही आपण सर्वजण पाहतो. त्याला हसण्यात अर्थ नाही. आपण त्याची परीक्षा घेतली ती निबंधाची. आणि त्यात तो उत्तीर्ण झाला. कार्यक्रम पार पडला, याचा पुरावा म्हणजे कार्यक्रमाचा परिणाम झाला, याचा पुरावा नव्हे.

परिणाम पाहावयाचा तर मृत्यू मोजावे लागतात, आणि येथेच पहिली मेख आहे. मोजावयाचे ते कशाच्या प्रमाणात? सरकारी आकड्यांप्रमाणे 1970 साली आपल्या देशात रस्त्यांवर सुमारे 14,500 माणसे मरण पावली. तेव्हा वाहने होती सुमारे 14 लाख. म्हणजे दर दहा हजार वाहनांमागे मृत्यू शंभराहून अधिक. 2019 साली वाहने झाली 29 कोटींवर आणि मृत्यू दीड लाखांवर. दर दहा हजार वाहनांमागे अवघे पाच. शंभरावरून पाच! एवढ्या यशाची कमान शनवाऱ्यापाशी उभारावी, असे कोणासही वाटेल. परंतु तोच हिशेब माणसांच्या प्रमाणात मांडून पाहावा. 1970 साली दर लाख लोकवस्तीमागे तीनाहूनही कमी माणसे रस्त्यावर मरत. 2022 साली हे प्रमाण बाराच्या आसपास गेले. एकाच देशाचा एक हिशेब सांगतो की, धोका विसावा हिस्सा उरला. दुसरा सांगतो की, तो चौपट झाला.

यातला खरा कोणता? बेरीज-भागाकार दोन्हींचा बरोबर आहे. पण स्मीड नावाच्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने 1949 सालीच वीस देशांचे 1938 चे आकडे तपासून दाखविले होते की, वाहनांची संख्या वाढत गेली की दर वाहनामागचे मृत्यू आपोआपच कमी होत जातात. मग तेथे कोणता कार्यक्रम राबविला जावो अथवा न जावो. शिवाय आपल्या नोंदवहीत भंगारात गेलेली वाहनेही जिवंत असतात. त्यामुळे भाजक आणखी फुगतो. म्हणून वाहनांच्या प्रमाणावरून धोरणाची पाठ थोपटणे, हे पावसाळ्यात तापीला पूर आला म्हणून पाटबंधारे खात्याचा सत्कार करण्यासारखे आहे.

दुसरी मेख मोजणीतच असते. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू अपघाती मृत्यूत धरावयाचा, असा संकेत आहे. आमच्यासारख्या सरहद्दीवरच्या गावात या संकेताचे काय होते, ते पाहा. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात; परंतु गंभीर जखमी माणसास त्याचे नातेवाईक इंदुरास नेतात, तसेच जळगावासही नेतात. माझ्या वर्गातून दहावी होऊन बाहेर पडलेला एक मुलगा आसीरगडाच्या बाजूला मोटारसायकलवरून पडला आणि अकराव्या दिवशी परप्रांतातल्या रुग्णालयात वारला. त्याच्या घरच्यांना ही तारीख आयुष्यभर पाठ राहील. ज्या ठाण्यात अपघाताची पहिली नोंद ‘जखमी’ म्हणून झाली, तेथपर्यंत ती बातमी कागदोपत्री पोहोचली तरच तो मुलगा राष्ट्राच्या हिशेबात मृत धरला जाणार. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 सालासाठी भारतातील रस्त्यांवरील मृत्यूंचा अंदाज सुमारे 2,99,000 केला. आपला सरकारी आकडा त्या वर्षी 1,50,785 होता. अंदाज हा अंदाजच, हे मान्य. तरीही निम्म्याचा फरक डोळ्याआड करता येत नाही.

आणि याहून बोलके उदाहरण तमिळनाडूचे आहे. 2016 साली त्या राज्यात 17,000 हून अधिक माणसे रस्त्यांवर मेली. मग तेथे रुग्णवाहिकांची व आघात-उपचारांची व्यवस्था सुधारली, देखरेख वाढली, आणि 2019 चा आकडा सुमारे 10,500 वर आला. केंद्राने जाहीर कौतुक केले, इतर राज्यांस हा कित्ता गिरविण्यास सांगण्यात आले. पुढे काही वर्षांनी केंद्रीय अहवालात त्या राज्याचे मागील आकडे दुरुस्त झाले. तेव्हा 2019 चा आकडा 18,000 च्या वर गेला. ज्या उताराचा गाजावाजा झाला, त्याचा फार मोठा भाग कागदावरच होता. तेथील डॉक्टरांचे व रुग्णवाहिका-चालकांचे काम खोटे होते, असा याचा अर्थ कोणी करू नये. त्यांच्या कामाने किती जीव वाचले, हे सांगणारे साधनच बिघडलेले होते, एवढाच अर्थ. पण एवढाही अर्थ थोडा नाही; कारण दुसऱ्या राज्याने कित्ता कशाचा गिरवावयाचा?

तिसरी गोष्ट जरा सूक्ष्म आहे, पण आपल्या जिल्ह्याच्या कामाची आहे. केंद्रीय खात्याच्या व्याख्येप्रमाणे, रस्त्याच्या सुमारे 500 मीटर लांबीत तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा मृत्यू झाले, की ती जागा अपघातप्रवण ठरते. 2016 ते 2018 या वर्षांवरून राष्ट्रीय महामार्गांवर अशा 5,803 जागा निश्चित करण्यात आल्या. आता ज्या वळणावर तीन वर्षे विशेष वाईट गेली, तेथे पुढली तीन वर्षे पुष्कळदा काही न करताही थोडी बरी जातात. वर्गात एका चाचणीत सर्वांत कमी गुण मिळविणारी पाच मुले निवडावी, त्यांना काहीही न शिकविता पुन्हा चाचणी घ्यावी. त्यांतली तीन तरी वर सरकलेली आढळतील. म्हणून वळणावर फलक लावला आणि अपघात घटले, एवढ्यावरून श्रेय फलकास देता येत नाही. फलक न लावलेल्या तशाच दुसऱ्या वळणाशी तुलना करावी लागते.

नव्या गोष्टीने माणूस काही दिवस सावध होतो, हेही ध्यानात घ्यावयास हवे. स्वीडनने 3 सप्टेंबर 1967 रोजी सगळ्या देशाची रहदारी एका रात्रीत डावीकडून उजवीकडे वळविली. सर्वांस भीती होती अपघात वाढण्याची, घडले उलटच. लोक भेदरून जपून गाडी हाकू लागले आणि अपघात घटले. दोनेक वर्षांत ते पुन्हा पूर्वपदावर आले. आमच्या जानेवारीच्या सप्ताहाचा परिणामही, झालाच तर, याच जातीचा असणार. फेब्रुवारीत तो मोजून पाहण्याची तसदी मात्र आपण घेत नाही.

एवढे ऐकून कोणी म्हणेल की, मग काहीच उपयोगाचे नाही! तसे मुळीच नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया या राज्यात 1970 साली 1,061 माणसे रस्त्यांवर मेली. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे मोटारीत पट्टा बांधणे कायद्याने सक्तीचे झाले. जगात असे करणारे ते पहिले राज्य. पुढे मद्यपानाच्या अचानक तपासण्या आल्या. 1989 साली मृत्यू 776 होते. त्या वर्षाच्या अखेरीपासून रस्त्यावर वेग टिपणारे कॅमेरे, श्वासतपासणीच्या फिरत्या बसगाड्या आणि दूरचित्रवाणीवरील अतिशय परिणामकारक जाहिराती अशी तिहेरी मोहीम निघाली. 1992 साली मृत्यू 396 वर आले. मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी या यशाची चिरफाड केली. त्यांना आढळले की, घटीचा काही वाटा त्या वर्षांतील आर्थिक मंदीचाही होता, लोकांचा प्रवासच कमी झाला होता. तो वाटा त्यांनी उघडपणे बाजूला काढला आणि उरलेले श्रेय मोहिमेस दिले. मला या कथेतील ही प्रामाणिक वजाबाकी सर्वांत मोलाची वाटते. दुसरे असे की, तेथे उपदेश एकटा नव्हता. उपदेश ऐकणाऱ्याला पुढच्या वळणावर तपासणीची गाडी उभी असेल, हे ठाऊक होते.

आपल्याकडे नेमके हेच जुळत नाही. 3 जून 2014 रोजी गोपीनाथ मुंडे यांचा दिल्लीत मोटार-अपघातात अंत झाला, तेव्हा नवा कायदा तातडीने करण्याची भाषा झाली. मसुदे झाले, विधेयक आले, रखडले, व्यपगत झाले, आणि अखेर 2019 च्या ऑगस्टमध्ये दुरुस्ती मंजूर झाली. 1 सप्टेंबर 2019 पासून दंड भारी झाले. मद्यपान करून वाहन चालविण्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजार झाला. पण महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या आपल्या दोन्ही राज्यांनी तेव्हा अंमलबजावणी पुढे ढकलली. महाराष्ट्रात ती 2021 च्या डिसेंबरात आली. पुण्यात 1 जानेवारी 2019 पासून हेल्मेटची सक्ती कडक करताच तिच्याविरुद्ध कृती समिती उभी राहिली. विद्येच्या माहेरघरी डोके वाचविण्याविरुद्ध चळवळ व्हावी, यावर अधिक काय बोलावे!

तरीही महाराष्ट्रातच एक प्रयोग असा झाला की, ज्याचे आकडे मांडून दाखविता येतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्णत्वास गेला. चौऱ्याण्णव किलोमीटरच्या या मार्गावर 2016 साली 151 माणसे मेली. त्या वर्षी राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्ह लाइफ फाउंडेशन यांनी एकत्र येऊन हा मार्ग मृत्युमुक्त करण्याचा संकल्प सोडला. त्यांनी प्रत्येक अपघाताची जागेवर जाऊन चौकशी केली. गाडी कोणत्या खांबावर, कोणत्या उघड्या कठड्याच्या टोकावर आदळली, हे पाहून त्या वस्तू झाकल्या किंवा हलविल्या. मार्गिका सोडणाऱ्या व रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या मालमोटारींवर कारवाई केली. जखमीस लवकर हलविण्याची सोय वाढविली. मृत्यू 2017 साली 105, 2018 साली 110, 2019 साली 92 आणि 2020 साली 66. शेवटचा आकडा मी हिशेबात धरणार नाही, कारण ते टाळेबंदीचे वर्ष. 151 वरून 92 हीच घट धरावी. तीही शेकडा 39 भरते. मधल्या वर्षी आकडा किंचित वर गेला, तोही लपविलेला नाही. चालकाच्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, रस्त्यानेच ती चूक पोटात घालावी, या तत्त्वावर स्वीडनच्या संसदेने 1997 साली आपले धोरण उभे केले होते. त्याचीच ही मराठी मुलखातली आवृत्ती म्हणता येईल.

नवा रस्ता बांधला म्हणजे तो सुरक्षित होतोच, असे मात्र नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला, आणि 1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसच्या आगीत 25 प्रवासी मेले. आमच्या निमाड-खानदेशच्या जिव्हाळ्याचा अपघात त्याच्या आदल्या वर्षीचा. 18 जुलै 2022 रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्राची एस.टी. खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली.

सबंध देशाचा हिशेब पाहिला तर दशकाअखेर मृत्यू निम्म्यावर आणण्याचा संकल्प होता. 2022 साली ते 1,68,491 झाले आणि 2023 साली 1,72,000 च्या पुढे गेले. डिसेंबर 2024 मध्ये लोकसभेत बोलताना परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे मान्य केले, आणि परदेशांतील परिषदांत या विषयावर तोंड लपवावेसे वाटते, असेही सांगितले. मंत्र्याने भर सभागृहात इतके स्पष्ट बोलावे, हे आपल्याकडे दुर्मिळ आहे. मला ते पुष्कळ अहवालांपेक्षा उपयोगाचे वाटते.

परंतु द्रुतगती मार्गाचा कित्ता शनवाऱ्यास जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे पादचारी नाही, दुचाकी नाही, हातगाडी नाही. देशात 2022 साली मेलेल्यांपैकी शेकडा 44 हून अधिक दुचाकीवरचे होते आणि शेकडा 19 हून अधिक पायी चालणारे; म्हणजे तिघांतले जवळजवळ दोघे. हे मरण वेशीतल्या, बाजारातल्या, गावाला चिकटून जाणाऱ्या रस्त्यांवरचे मरण आहे. इंदूर-इच्छापूर मार्गावर केळीचे ट्रक आणि शाळेची सायकल एकाच डांबरावर चालतात. या जातीच्या रस्त्यावर काय उपयोगी पडते, याची पारख आपल्याकडे फारच थोडी झाली आहे.

ती करण्याचे अधिकारपत्र जिल्ह्याजवळ आहे. 1988 च्या कायद्याच्या 215 व्या कलमात जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे. बुऱ्हाणपूर 2003 साली स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून येथील आकडे खंडव्याच्या बेरजेत मिसळत नाहीत. तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळाची स्वतःची वही आपल्यापाशी असावयास हवी. समितीने जानेवारीत फेऱ्या जरूर काढाव्या. पण त्याआधी एक रस्ता निवडावा, आणि शेजारचा तसाच दुसरा रस्ता तुलनेस ठेवावा. पहिल्यावर वेग ताशी 30 च्या आत आणणारे गतिरोधक, रात्री दिसणारे पांढरे पट्टे आणि पादचाऱ्यास उभे राहण्यापुरता दुभाजक करावा. दुसऱ्यावर तूर्त काही करू नये. दोन्हींवर वाहनांचा वेग आधी मोजावा, नंतर मोजावा, आणि वर्षभराने पुन्हा मोजावा. जखमी होऊन जळगाव-इंदुरास गेलेल्यांची तीस दिवसांनी विचारपूस करावी; त्यासाठी एक कारकून आणि एक दूरध्वनी पुरे. तीन वर्षांचे आकडे, वाढलेले असोत वा घटलेले, नगरपालिकेच्या फलकावर लावावेत. वेग मोजण्याच्या कामाला आठवी-नववीची मुले आनंदाने येतील. रस्त्यावर शंभर मीटरवर दोन खुणा केल्या आणि हातात घड्याळ असले की भागाकार त्यांना येतो.